झिजलेला गुडघा इंजेक्शनने 'भरून' येतो का?

गुडघेदुखीचा रुग्ण आपले दुखणे सांगताना तीन शब्द हमखास वापरतो. 'गॅप पडलाय', 'वंगण संपलंय' आणि 'गादी झिजलीय'. हे शब्द त्याने पुस्तकात वाचलेले नसतात. एक्स-रे उजेडात धरून कुणा डॉक्टरने घाईत सांगितलेले असतात. समजायला सोपे, म्हणून ते गावोगाव रुजले.

पण या शब्दांच्या पोटात एक अपेक्षाही असते. गॅप पडला असेल तर तो भरता आला पाहिजे. वंगण संपले असेल तर सायकलच्या चेनला घालतो तसे ते घालता आले पाहिजे. नेमक्या याच अपेक्षेवर गेल्या काही वर्षांत 'रिजनरेटिव्ह इंजेक्शन'ची बाजारपेठ उभी राहिली आहे. रिजनरेटिव्ह म्हणजे पुनर्निर्मिती करणारे. 'ऑपरेशनशिवाय गुडघा नवा', 'तुमच्याच रक्ताने तुमचा गुडघा बरा' अशा पाट्या आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही त्या दिसतात.

मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही, शासकीय रुग्णालयातला फिजिशियन आहे. माझ्याकडे लोक मधुमेह आणि रक्तदाबासाठी येतात आणि केसपेपर हातात घेऊन उठता उठता म्हणतात, "डॉक्टर, तेवढं गुडघ्याचंही बघा की. ते इंजेक्शन घेऊ का?" हा प्रश्न आता रोजचा झाला आहे. त्याचे ओपीडीत देता येत नाही इतके सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून हा लेख. माझे मत आधीच सांगतो. या इंजेक्शनांनी काही जणांचे दुखणे काही काळ कमी होते, हे खरे आहे. पण त्यांनी झिजलेला सांधा पुन्हा तयार होतो, याला भक्कम पुरावा नाही. म्हणून ती 'पुनर्निर्मिती'च्या नावाने विकली जाऊ नयेत आणि ज्या उपायांचा उपयोग माहीत आहे त्यांच्या आधी तर मुळीच दिली जाऊ नयेत.

सुईत असते काय?

'रिजनरेटिव्ह' या एकाच पाटीखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात.

पहिली प्रोलोथेरपी. ही तिघींत सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त. अमेरिकेतील शल्यचिकित्सक जॉर्ज हॅकेट यांनी १९५० च्या दशकात तिचा पुरस्कार केला. १९५६ मध्ये त्यांचे यावरचे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे असे की, जुनाट कंबरदुखी वा सांधेदुखीत लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, सैल पडलेले असतात. ते हाडाला जिथे चिकटतात तिथे मुद्दाम थोडासा दाह निर्माण केला, तर शरीर त्या जागी नवे तंतू तयार करील आणि सैल पट्टा घट्ट होईल. आज यासाठी बहुतेक ठिकाणी डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचे घट्ट द्रावण वापरतात, साधारण १२.५ ते २५ टक्के. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली की आम्ही शिरेतून जे २५ टक्के डेक्स्ट्रोज देतो, तेच हे. औषधाची किंमत अगदी किरकोळ. पैसे पडतात ते सुई टोचणाऱ्या हाताचे.

दुसरी पीआरपी, म्हणजे प्लेटलेटने समृद्ध असा रक्तद्रव. रुग्णाच्या हातातून रक्त काढायचे, ते सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायचे, लाल पेशी वेगळ्या करायच्या आणि उरलेला प्लेटलेटचा दाट भाग सांध्यात सोडायचा. प्लेटलेटमध्ये जखम भरून येण्यास मदत करणारी 'वाढ घटके' असतात, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. अडचण अशी की, 'पीआरपी' या नावाने मिळणारी वस्तू प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. रक्त किती घेतले, यंत्र किती वेगाने आणि किती वेळा फिरवले, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यावर तिच्यातला माल बदलतो. गोळीच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेले असतात, तसे इथे काहीच नसते.

तिसरी स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी. कुणी त्या रुग्णाच्या कमरेच्या हाडातल्या मज्जेतून काढतात, कुणी पोटाच्या चरबीतून, तर कुणी नाळेच्या ऊतींपासून बनवलेले तयार द्रव्य वापरतात. तिघींत ही सर्वांत महाग आणि जाहिरातीही हिच्याच सर्वांत मोठ्या.

गुडघा म्हणजे सायकलची चेन नव्हे

हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असते त्याला कूर्चा म्हणतात. लोक ज्याला गादी म्हणतात ती बहुधा हीच. प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नसतात. रक्त पोहोचत नसल्याने तिची दुरुस्ती अतिशय तोकडी होते. त्वचा कापली तर आठवड्यात भरते, हाड मोडले तर महिन्या-दोन महिन्यांत जुळते. कूर्चा एकदा झिजली की पहिल्यासारखी होत नाही. म्हणूनच 'कूर्चा पुन्हा उगवते' हा दावा मोठा आहे, आणि मोठ्या दाव्याला पुरावाही तसाच मोठा लागतो.

दुसरी बाजू अधिक दिलासा देणारी आहे. कूर्चेला वेदनेच्या नसाच नसतील, तर दुखते काय? दुखते ते सांध्याचे आतले अस्तर, कूर्चेखालचे हाड, भोवतालचे लिगामेंट, स्नायू आणि स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन. त्यामुळे एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. फोटोत गुडघा पार झिजलेला आणि बाई मात्र शेतात दिवसभर खुरपणी करते, हेही आम्ही पाहतो. फोटो जवळजवळ चांगला आणि माणसाला जिना उतरवत नाही, हेही पाहतो. मांडीचे स्नायू बळकट झाले, वजन उतरले, सूज ओसरली की फोटो तसाच राहूनही दुखणे कमी होऊ शकते. गॅप भरल्याशिवाय आराम पडणार नाही, ही समजूतच मुळात खोटी आहे. ती समजूत सुटली की इंजेक्शनची निम्मी ओढ तिथेच संपते.

मिठाच्या पाण्याशी सामना

एखाद्या औषधाने बरे वाटले, एवढ्याने ते औषध चालते असे सिद्ध होत नाही. त्याची तुलना तशाच दिसणाऱ्या, तशाच टोचलेल्या, पण औषध नसलेल्या द्रवाशी करावी लागते. सांध्याच्या इंजेक्शनसाठी असा द्रव म्हणजे सलाइन, निव्वळ मिठाचे निर्जंतुक पाणी. हा सामना काय सांगतो ते पाहू.

पीआरपीवरचा एक महत्त्वाचा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेले २८८ रुग्ण घेतले. निम्म्यांना आठवड्याला एक अशी पीआरपीची तीन इंजेक्शने दिली, निम्म्यांना सलाइनची. कुणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. एक वर्षाने दहाच्या मापावर पीआरपी गटाचे दुखणे सरासरी २.१ ने कमी झाले होते आणि मिठाच्या पाण्याच्या गटाचे १.८ ने. या फरकाला संख्याशास्त्राच्या हिशेबात अर्थ नव्हता. एमआरआयवर कूर्चा मोजली, तर ती दोन्ही गटांत थोडी घटलेलीच होती: एकीकडे १.४ टक्के, दुसरीकडे १.२ टक्के. ज्यांना पुनर्निर्मितीचे इंजेक्शन दिले, त्यांच्या गुडघ्यातही निर्मिती झालेली नव्हती.

कोपराच्या बाहेरच्या बाजूचे जे दुखणे 'टेनिस एल्बो' म्हणून ओळखले जाते, त्यावरही पीआरपी सर्रास देतात. कॉक्रेन या स्वतंत्र संस्थेने २०२१ मध्ये ३२ अभ्यासांतील २,३३७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला जाणवेल असा फायदा बहुधा होत नाही, असा निष्कर्ष निघाला. टाचेमागच्या अकिलिस टेंडनच्या जुनाट दुखण्यावर ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर अभ्यास झाला, त्याचाही सूर तोच.

पीआरपीच्या बाजूने दाखवले जाणारे काही अभ्यास मात्र वेगळे उत्तर देतात. २०१० मध्ये नेदरलँड्समधील १०० रुग्णांच्या अभ्यासात टेनिस एल्बोसाठी पीआरपी स्टिरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले. पण तुलना कशाशी होती ते पाहा. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिसले की, टेनिस एल्बोवर स्टिरॉइड घेतलेल्यांची वर्षानंतरची स्थिती निव्वळ सलाइन घेतलेल्यांपेक्षाही वाईट होती आणि दुखणे उलटण्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. शर्यतीत लंगड्या घोड्याला हरवणाऱ्याला लगेच वेगवान म्हणता येत नाही.

प्रोलोथेरपीचे चित्र थोडे संमिश्र आहे. गुडघ्यासाठी २०१३ मध्ये अमेरिकेत ९० रुग्णांवर अभ्यास झाला. वर्षअखेर शंभराच्या मापावर डेक्स्ट्रोज गटात सुमारे १५ गुणांची सुधारणा झाली. सलाइन आणि घरचा व्यायाम या दोन्ही गटांत साधारण आठ गुणांची. हा निकाल मी हलका मानत नाही. पण ९० रुग्ण तीन गटांत वाटले की एकेका गटात ३० च उरतात. इतक्या लहान अभ्यासावर घर बांधता येत नाही. जुनाट कंबरदुखीत तर २००४ मध्ये ११० रुग्णांच्या अभ्यासात डेक्स्ट्रोज आणि सलाइन यांत फरक पडला नाही. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. म्हणजे हॅकेट यांची कल्पना मुळात ज्या दुखण्यांभोवती उभी राहिली, त्यांतल्या कंबरदुखीतच ती टिकली नाही.

आता मूलपेशी. २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये गुडघ्याच्या झिजेच्या ४७५ रुग्णांचा अभ्यास आला. मज्जेतून काढलेल्या पेशी, चरबीतून काढलेल्या पेशी आणि नाळेपासूनच्या पेशी अशा तिन्हींची तुलना साध्या स्टिरॉइड इंजेक्शनशी केली. एक वर्षाने तिन्हींपैकी एकही स्टिरॉइडपेक्षा सरस ठरली नाही.

संधिवाततज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी पीआरपी आणि मूलपेशी देऊ नयेत असे ठामपणे सांगितले. प्रोलोथेरपीबाबतही 'शक्यतो नको' असे म्हटले. त्याच सूचनांत व्यायाम आणि, वजन जास्त असेल तर, ते कमी करणे यांची ठाम शिफारस आहे. अस्थिरोगतज्ज्ञांमध्ये यावर एकमत नाही, हेही सांगायला हवे. अनेक प्रामाणिक सहकारी आपल्या अनुभवावरून पीआरपी देतात. त्यांच्या हेतूवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो रुग्णाला सांगितल्या जाणाऱ्या कारणावर.

मग बरे का वाटते?

"पण माझ्या मेव्हण्याला फरक पडला की हो," असे कुणी म्हणाले की मी त्याला खोटे पाडत नाही. फरक पडलेलाच असतो. वर दिलेल्या अभ्यासांत मिठाचे पाणी घेतलेल्यांनाही तो पडला होता.

त्याची कारणे साधी आहेत. सांध्याच्या दुखण्याला भरती-ओहोटी असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार येतोच. टेनिस एल्बोसारखी दुखणी तर बहुतेकांत वर्षभरात आपली आपणच ओसरतात. इंजेक्शननंतर काही दिवस जपून वागायला सांगितलेले असते, पुढे थोडा व्यायामही सुरू होतो. आणि सुई हा स्वतःच एक प्रभावी उपचार आहे. डॉक्टरने वेळ दिला, जागा दाबून पाहिली, विश्वासाने चार शब्द सांगितले, याने मेंदू वेदनेची तीव्रता खरोखर कमी करतो. डेन्मार्कमध्ये २०६ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात एका गटाला आठ आठवडे व्यायाम आणि माहितीचे वर्ग दिले, दुसऱ्याला गुडघ्यात सलाइनची चार इंजेक्शने, तीही सलाइन आहे हे न लपवता. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला.

हा अभ्यास व्यायामाचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्यालाही अडचणीचा आहे, म्हणूनच तो मुद्दाम सांगितला. त्यातून सुईची ताकद कळते. पण सुईत भरलेल्या महागड्या द्रव्याची ताकद त्यातून सिद्ध होत नाही. आणि दुखण्यावर आराम समसमान मानला, तरी व्यायामाने साखर, रक्तदाब, तोल आणि झोपही सुधारते, तीही पदरचा पैसा न जाता. मधुमेह पाहणाऱ्या डॉक्टरला हा हिशेब विसरता येत नाही.

'बरे वाटते ना, मग बिघडले कुठे?'

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, जो श्रीमंत आहे, ज्याला खरी माहिती दिलेली आहे आणि ज्याचे निदान पक्के आहे, त्याचे फारसे बिघडत नाही. पण माझ्या ओपीडीतला रुग्ण असा नसतो.

चार घरी पोळ्या करणारी एक बाई डोळ्यांसमोर येते. भिशीचे सगळे पैसे तिने तीन इंजेक्शनांत घातले. तीन महिने बरे वाटले, मग दुखणे परतले आणि 'आणखी एक कोर्स करू' असे तिला सांगण्यात आले. या सगळ्या काळात तिला मांडीचा एकही व्यायाम कुणी दाखवलेला नव्हता. वजन ८० च्या पुढे, साखर वाढलेली, आणि गुडघ्याला जपायचे म्हणून चालणे बंद. नुकसान फक्त पैशांचे झाले नाही, वेळेचेही झाले. त्या तीन महिन्यांत स्नायू आणखी लुळे पडले.

दुसरा धोका निदानाचा. सुजलेला गुडघा म्हणजे झीजच, असे नसते. आपल्याकडे सांध्याचा क्षय आजही दिसतो. तरुण बाईची बोटे सकाळी तासभर आखडत असतील तर तो आमवात असू शकतो आणि त्याला वेळेवर वेगळी औषधे लागतात. अशा सांध्यात साखरेचे पाणी वा प्लेटलेट सोडत बसणे म्हणजे आग लागलेल्या घराला रंग देणे.

तिसरा धोका जंतुसंसर्गाचा. तो क्वचित होतो, पण होतो तेव्हा सांधा उद्ध्वस्त करतो. २०१८ मध्ये अमेरिकेत तीन राज्यांतील १२ जणांना नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या द्रव्याच्या इंजेक्शननंतर गंभीर संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले. वाढलेल्या साखरेत असा संसर्ग अधिकच फोफावतो.

मूलपेशींबाबत आपल्याकडे नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतील मान्यताप्राप्त प्रत्यारोपण सोडता मूलपेशींचा वापर नोंदणीकृत संशोधनातच करायचा असतो. २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या मध्यम झिजेसाठी दात्याच्या मज्जेपासून बनवलेल्या एका उत्पादनाला मंजुरी दिली, ही गोष्टही नोंदवायला हवी. पण ती मंजुरी त्या एका प्रमाणित उत्पादनाला आहे. तिच्या आडोशाने दवाखान्यातल्या दवाखान्यात चरबी घुसळून दिलेल्या इंजेक्शनला ती लागू होत नाही.

रिकामी जागा कुणी भरायची?

इथवर बोट बाजाराकडे होते. ते आता आमच्याकडे, म्हणजे सरकारी व्यवस्थेकडे वळवतो.

सकाळच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. तेवढ्यात गुडघेदुखीवर वेदनाशामक गोळ्यांची पट्टी, कॅल्शियम आणि 'वजन कमी करा' एवढेच होते. वजन कसे कमी करायचे, कुठला व्यायाम किती वेळा, हे कोण सांगणार? फिजिओथेरपिस्ट गाठायला अनेकांना जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. बसभाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर 'मोफत' व्यायाम महाग पडतो. त्याउलट इंजेक्शनचा दवाखाना तालुक्यात असतो. तिथे बसायला खुर्ची असते, डॉक्टर नावाने हाक मारतात, गुडघ्याचे मॉडेल हातात घेऊन समजावतात. लोक फसतात, असे आपण सहज म्हणून जातो. पण पुष्कळदा ते वेळ आणि आपुलकी विकत घेत असतात, जी आम्ही त्यांना देत नाही. ती रिकामी जागा आपण ठेवली, म्हणून बाजाराने भरली.

ती भरायला मोठी यंत्रे लागत नाहीत. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, २० जणांना एकत्र बसवून तासभर व्यायाम शिकवता येतो. मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीला जे लोक महिन्याला येतातच, त्यांच्यातले निम्मे गुडघ्याने बेजार असतात. तिथेच हा वर्ग जोडावा. फिजिओथेरपिस्टची पदे तालुका पातळीवर निर्माण करून भरावीत. एका गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चात किती जणांना महिनोन्‌महिने व्यायाम शिकवता येईल, याचा हिशेब शासनाने एकदा मांडून पाहावा.

आणि खासगी व्यावसायिकांसाठी तीन अटी असाव्यात. इंजेक्शनाआधी मराठीत लिहिलेले संमतिपत्र, ज्यात 'याने कूर्चा पुन्हा तयार होते हे सिद्ध झालेले नाही' हे वाक्य ठळक असेल. काय दिले, किती दिले, पीआरपी असेल तर त्यातील प्लेटलेटची संख्या किती, याची लेखी नोंद रुग्णाच्या हाती. आणि 'गुडघा नवा करा' छापाच्या जाहिरातींवर वैद्यक परिषदेची कारवाई. जाहिरातबाजी करून रुग्ण ओढण्यास डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत मनाई आहेच. नवा कायदा करण्याची गरज नाही, आहे तो वापरण्याची आहे.

तर मग करावे काय?

आधी व्यायाम. खुर्चीवर ताठ बसा, एक पाय गुडघ्यात सरळ करा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सावकाश खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मग हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, झेपेल तितके. करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर प्रमाण कमी करावे. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत सोडून देऊन 'व्यायामाने काही होत नाही' म्हणू नये.

दुसरे, वजन. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. अमेरिकेतील ४५४ स्थूल रुग्णांच्या १८ महिन्यांच्या अभ्यासात आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचे वजन सुमारे ११ टक्क्यांनी उतरले आणि त्यांचे दुखणे निव्वळ व्यायाम वा निव्वळ आहार पाळणाऱ्यांपेक्षा कमी झाले.

तिसरे, घरातले बदल. संडासात कमोडची खुर्ची, भाकऱ्या-पोळ्या ओट्याशी उभ्याने, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. काठीची लाज वाटते म्हणून लोक घराबाहेर पडायचे सोडतात. आषाढीच्या वारीत काठी टेकत मैलोन्‌मैल चालणारी माणसे आपल्याच गावची असतात. दुखऱ्या जागी लावायचे वेदनाशामक जेल गोळ्यांपेक्षा सुरक्षित. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

हे सगळे तीन महिने नेटाने करूनही दुखणे हटले नाही, तर इंजेक्शनचा विचार जरूर करा. पण डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. माझे निदान नक्की काय? या इंजेक्शनने माझ्यासारख्या रुग्णांना सलाइनपेक्षा किती जास्त फायदा झाला आहे? एकूण खर्च किती आणि किती वेळा? उपयोग झाला नाही तर पुढे काय? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा. सांधा गरम आणि लालबुंद असेल, ताप असेल, गुडघा अडकून बसत असेल वा रात्री झोपेतून उठवत असेल, तर इंजेक्शनसाठी नव्हे, निदानासाठी जा. आणि सांधा खरोखर निकामी झाला असेल, तर इंजेक्शनांत दोन वर्षे आणि दोन लाख घालवण्यापेक्षा सांधा बदलण्याची चर्चा लवकर करा. तिचा उपयोग निर्विवाद आहे आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादाही आहे.

हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. ज्याच्याकडे उत्तरे आहेत तो डॉक्टर रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या टेबलावरून आपला एक्स-रे उचलावा आणि नमस्कार करून बाहेर पडावे.